पगार पुरवायचा असेल तर आधी तो वेगळा करा

उधळपट्टी रोखण्यासाठी मन घट्ट करण्याचा सल्ला सर्वजण देतात, पण तो फार काळ टिकत नाही. दिवसभराच्या कामाने थकलेला माणूस रात्री फोन हातात घेतो, तेव्हा निग्रह सर्वांत दुबळा असतो आणि यूपीआयवर पैसे देण्यासाठी चार-सहा आकड्यांचा पिन पुरेसा होतो. म्हणून इच्छा आणि पैसा यांच्यामध्ये अंतर निर्माण करणे, हाच माझ्या मते खरा उपाय आहे.

सुरुवात मागील तीन महिन्यांच्या नोंदींपासून करावी. बँकेचे विवरणपत्र आणि यूपीआय अॅपमधील व्यवहारांची यादी समोर ठेवून, न ठरवता केलेल्या प्रत्येक खरेदीवर खूण करावी. मोठ्या रकमा आपल्याला आठवतात. खिसा रिकामा होतो तो रात्री साडेदहाला मागवलेल्या दोनशे-तीनशे रुपयांच्या खाण्याने, किंवा डिलिव्हरीचे शुल्क वाचावे म्हणून टोपलीत टाकलेल्या नको असलेल्या वस्तूने. खुणा कोणत्या वेळी आणि कोणत्या अॅपवर अधिक आहेत ते पाहावे आणि त्या अॅपच्या सूचना प्रथम बंद कराव्यात.

त्यानंतर दोन खाती ठेवावीत. पगाराचे खाते यूपीआय अॅपमधून काढून टाकावे आणि रोजच्या खर्चाचे दुसरे खातेच तेथे जोडावे. समजा, हाती येणारा पगार ४५,००० रुपये आहे आणि घरभाडे, किराणा, वीजबिल, शाळेची फी व हप्ते यांना २७,००० रुपये लागतात. पगाराच्या दुसऱ्याच दिवशी ६,००० रुपये बचतीकडे वळवावेत आणि उरलेले १२,००० रुपये १, ११ आणि २१ तारखेला प्रत्येकी ४,००० याप्रमाणे खर्चाच्या खात्यात टाकावेत. महिन्याचा हिशेब डोक्यात राहत नाही, दहा दिवसांचा मात्र सहज राहतो. बचतीसाठी टपाल कार्यालयाची पाच वर्षांची आवर्ती ठेव दरमहा १०० रुपयांपासून सुरू करता येते, त्यामुळे पगार कमी आहे ही सबब फारशी टिकत नाही.

ऑनलाइन खरेदीसाठी एक वही ठेवावी. आवडलेली वस्तू, तिची किंमत आणि तारीख लिहावी आणि पुढच्या दहा दिवसांचे पैसे जमा झाल्यावरच तिचा विचार करावा. तोवर बऱ्याच वस्तूंची ओढ ओसरलेली असते. संकेतस्थळावर जतन केलेले कार्ड काढून टाकावे. ‘फक्त दोन नग शिल्लक’ अशी खोटी घाई दाखवणे किंवा न विचारता टोपलीत वस्तू घालणे, अशा १३ क्लृप्त्यांना केंद्र सरकारच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. तशी फसवणूक आढळल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार अवश्य करावी.

क्रेडिट कार्डाबाबत मला अधिक कळकळीने सांगावेसे वाटते. ४०,००० रुपयांची थकबाकी आणि दरमहा साडेतीन टक्के व्याज धरले, तर एका महिन्याचे व्याज १,४०० रुपये आणि त्यावरील १८ टक्के जीएसटी २५२ रुपये होतो; म्हणजे २,००० रुपये भरूनही मूळ रक्कम जेमतेम ३५० रुपयांनी घटते. शिवाय थकबाकी असताना नव्या खरेदीवर बिनव्याजी मुदत मिळत नाही. म्हणून आधी ही थकबाकी संपवावी, मोठी गुंतवणूक नंतर पाहावी, आणि तोवर बँकेच्या अॅपमधून कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद ठेवावेत.

दिवाळी, लग्नसराई, जूनमधील वह्या-पुस्तके आणि विम्याचा हप्ता हे खर्च अचानक येत नाहीत, तरीही दरवर्षी ते आपली घडी विस्कटतात. त्यांची वार्षिक बेरीज करून बाराव्या हिश्शाइतकी रक्कम दरमहा बाजूला काढावी. हे सर्व घरात एकत्र बसून ठरवावे आणि प्रत्येकाला हिशेब न विचारता खर्च करता येईल अशी छोटी रक्कम द्यावी, कारण फारच आवळलेली शिस्त एक दिवस मोठ्या खरेदीच्या रूपाने उसळून येते.

११ तारखेपूर्वीच पैसे संपले, तर पगाराच्या खात्यातून मनाला येईल तेवढे पैसे काढू नयेत. अत्यावश्यक तेवढी रक्कम पुढच्या ४,००० मधून आगाऊ घ्यावी, कारणासह वहीत लिहावी आणि ११ तारखेला तेवढीच कमी रक्कम टाकावी. औषधपाण्याचा खर्च मात्र या नियमाबाहेर ठेवावा.