प्रयोगशील रॅपरचा छोटा ईपी कसा जोखावा

चार ते सहा गाण्यांचा ईपी, म्हणजे पूर्ण अल्बमपेक्षा लहान गाण्यांचा संच, बहुधा अर्ध्या तासाच्या आत संपतो, म्हणून तो प्रथम हेडफोन लावून, गाण्यांचा क्रम न बदलता, सलग ऐकावा. दुसऱ्या वेळी केवळ तालाकडे लक्ष द्यावे. हिप-हॉपमधील एक बार साधारणतः चार मात्रांचा असतो आणि कडवे पुष्कळदा 16 बारांचे असते. प्रयोगशील रॅपर ही चौकट मोडतो तेव्हा शब्द मुद्दाम मात्रेच्या मागे रेंगाळतात की नुसतेच घसरतात, हे टाळी देत मोजून पाहिल्याशिवाय मत बनवू नये.

जळगाव-धुळ्याकडचा रॅपर अहिराणीत गात असेल, तर भाषेची परीक्षा अधिक कसून घ्यावी. ‘आहे’च्या जागी ‘शे’ येताच दोन अक्षरांचे एकच होते, त्यामुळे ओळीचे वजन आणि यमकाच्या शक्यता दोन्ही बदलतात, आणि जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेला कान हा फरक लगेच टिपतो. केवळ केळीच्या बागांचे आणि तापीचे नाव घेतल्याने मात्र गाणे खानदेशी होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

ध्वनिमुद्रणातील खरखर हेतुपूर्वक ठेवलेली असू शकते. आठवडाभराने ईपी पुन्हा ऐकावा आणि कोणते गाणे वगळले असते तरी काही बिघडले नसते, ते नोंदवावे.