बाइंडर कॉलबॅकमुळे ॲक्टिव्हिटी लीक होतेय? असं शोधा

अँड्रॉइड ॲपची सर्व्हिस वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतेय आणि तीच स्क्रीन (ॲक्टिव्हिटी) दहादा उघडबंद केल्यावर मेमरी खाली यायचं नाव घेत नाही, असं असेल तर आधी एआयडीएलचा (दोन प्रोसेसमधला इंटरफेस लिहायची अँड्रॉइडची पद्धत) कॉलबॅक, म्हणजे सर्व्हिसनं उलट कॉल करावा म्हणून आपण तिला दिलेला ऑब्जेक्ट, बघा, बिटमॅप वगैरे नंतर. माझे दोन दिवस बिटमॅपच्या मागे फुकट गेलेत म्हणून सांगतोय.

आधी खात्री करा. एडीबी (कॉम्प्युटरवरून फोनला कमांड द्यायचं साधन) शेलमध्ये डम्पसिस मेमइन्फो ला पॅकेजचं नाव देऊन चालवा, खाली ऑब्जेक्ट्सचा भाग येतो, त्यात ॲक्टिव्हिटीज, लोकल बाइंडर्स (आपल्या प्रोसेसमधले, दुसऱ्या प्रोसेसला वापरता येणारे ऑब्जेक्ट), प्रॉक्सी बाइंडर्स (दुसऱ्या प्रोसेसमधल्या अशा ऑब्जेक्टचे इकडचे प्रतिनिधी) असे आकडे असतात. स्क्रीन 10 वेळा उघडबंद करून परत चालवा. ॲक्टिव्हिटीज आणि लोकल बाइंडर्स जोडीनं वाढलेत? मग संशय पक्का. लीककॅनरी (मेमरी लीक शोधणारी लायब्ररी) अशा वेळी जीसी रूट (जीसी म्हणजे नको असलेले ऑब्जेक्ट साफ करणारा गार्बेज कलेक्टर; ज्यानं धरून ठेवल्यामुळे तो साफ करू शकत नाही ते मूळ टोक) म्हणून नेटिव्ह कोडमधला ग्लोबल व्हेरिएबल दाखवतं, ते बघून लोक 'हे सिस्टिमचं असेल' म्हणून सोडून देतात, पण असतं आपलंच.

होतं काय, जावात आपण ॲक्टिव्हिटीच्या आतच स्टबचा (कॉलबॅकचे कॉल झेलणारा, एआयडीएलनं बनवलेला बेस क्लास) अनॉनिमस क्लास लिहून मोकळे होतो, तो गुपचूप ॲक्टिव्हिटीचा रेफरन्स धरतो, आणि एकदा का तो पलीकडे सर्व्हिसच्या प्रोसेसमध्ये पाठवला की तिकडची प्रॉक्सी जिवंत असेपर्यंत इकडचा जीसी त्याला हातही लावू शकत नाही. अनरजिस्टर केलंत तरी तिकडचा जीसी त्याच्या सवडीनं येणार!

म्हणून स्टब स्टॅटिक क्लासमध्ये काढा, ॲक्टिव्हिटी वीकरेफरन्समध्ये (जीसीला न अडवणारा रेफरन्स) ठेवा, ऑनडिस्ट्रॉयमध्ये अनरजिस्टर करून तो रेफरन्सही क्लिअर करा. अनबाइंडसर्व्हिस विसरू नका. ॲप्लिकेशन काँटेक्स्टनं बाइंड केलं असेल तर सर्व्हिसकनेक्शन लीक झाल्याची लॉगमधली ओळसुद्धा येत नाही, त्यामुळे भरवसा फक्त स्वतःवर.

सर्व्हिसच्या बाजूला कॉलबॅक साध्या अ‍ॅरेलिस्टमध्ये ठेवलेत तर रिमूव्ह गपचूप फसतं, कारण कॉलबॅक तोच असला तरी दरवेळी प्रॉक्सीचा नवा ऑब्जेक्ट बनून येतो आणि इक्वल्स जुळत नाही. रिमोटकॉलबॅकलिस्ट वापरा, ती आतल्या आयबाइंडरवरून ओळखते आणि क्लायंटची प्रोसेस मेली तर एंट्री स्वतःच काढते.

बदल केल्यावर परत मेमइन्फो बघा. प्रोफायलरमधून जीसी चालवला की ॲक्टिव्हिटीजचा आकडा उतरायला हवा, लोकल बाइंडर्स मात्र सर्व्हिसच्या प्रोसेसमध्ये जीसी झाल्यावरच उतरतील.