जुन्या विमानांवर काम करायचंय? पहिल्या शनिवारपासून काय करायचं ते सांगतो

नाशिकजवळ ओझरला वाढलो, बाबा तिथल्या एचएएलमध्ये, म्हणजे विमानांच्या सरकारी कारखान्यात होते, त्यामुळे मिग डोक्यावरून गेलं की वर्गात सरांनापण दोन मिनिटं थांबावं लागायचं. आता इंग्लंडमध्ये आहे, सोमवार ते शुक्रवार कॉम्प्युटरसमोर आणि शनिवारी एका छोट्या एव्हिएशन म्युझियमच्या हँगरमध्ये व्हॉलंटियर, हे सहावं वर्ष चालू आहे. इकडे शिकायला नाहीतर नोकरीला आलेली आपली बरीच मंडळी विचारतात की हे काम मिळतं कसं, विमानातलं ओ की ठो कळत नाही तरी घेतात का, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढतोय.

घेतात. इथली बहुतेक छोटी म्युझियमं व्हॉलंटियर्सच्या जिवावरच चालतात. ब्रुकलँड्स म्युझियमचं वेलिंग्टन बॉम्बर बघा, ३१ डिसेंबर १९४० ला ते स्कॉटलंडच्या लॉक नेस तळ्यात उतरवावं लागलं, पंचेचाळीस वर्षं तळाशी पडून होतं, १९८५ मध्ये वर काढलं आणि मग व्हॉलंटियर्सनी वर्षानुवर्षं बसून त्याचा तो जाळीसारखा सांगाडा दुरुस्त करत उभा केला. लिंकनशायरला ईस्ट कर्कबीत 'जस्ट जेन' नावाचं लँकेस्टर बॉम्बर आहे, ते पँटन बंधूंनी आपल्या मोठ्या भावासाठी जपलं, तो मार्च १९४४ मध्ये न्यूरेंबर्गवरच्या हल्ल्यात गेला होता. असं काहीतरी जवळून बघा आधी. एक शनिवार तिकीट काढून जा, हँगरमध्ये जे कोणी काम करत असतील त्यांच्याशी बोला, आणि तुम्हाला काय येतं ते सरळ सांगा. सुतारकाम, शिवण, वेल्डिंग, फोटो काढणं, एक्सेल शीट नीट ठेवणं, यातलं काहीही चालतं. मग फॉर्म, सेफ्टीचं ट्रेनिंग वगैरे होतं. व्हिसावर असाल तर बिनपगारी कामाबद्दल तुमच्या व्हिसाची अट काय आहे ती आधी वाचा. स्टील टो असलेले बूट स्वतःचे घ्या, आणि अंगठी, कडं, घड्याळ घरी ठेवून या.

पहिले दोन-तीन महिने झाडू, फडकं आणि चहा. यात कमीपणा काही नाही, झाडताना विमानाखाली काय पडलंय ते दिसतं, कुठून तेल ठिबकतंय, कुठून पांढरी पावडर गळतेय, एखादा रिव्हेट (पत्रे जोडणारा बिनआट्यांचा खिळा) निसटून पडलाय का, हे सगळं झाडणाऱ्यालाच आधी कळतं.

आता खरं काम. पान्याला हात लावायच्या आधी कॅमेऱ्याला हात लावायचा, हा नियम डोक्यात पक्का बसवा. कुठलंही पॅनल उघडायच्या आधी लांबून फोटो, जवळून फोटो, शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो. मग काढलेला प्रत्येक स्क्रू, वॉशर, क्लिप झिप-बॅगेत आणि आत कागदाची चिठ्ठी, पेन्सिलने लिहिलेली, कारण पेनची शाई सॉल्व्हंटने पुसली जाते आणि उन्हाने उडते, पेन्सिल टिकते. पॅनलला वीस-पंचवीस स्क्रू असतील तर पुठ्ठ्यावर पॅनलचा आकार काढा आणि ज्या भोकातला स्क्रू त्याच जागी पुठ्ठ्यात खोचा, कारण दिसायला सारखे असले तरी लांबीत फरक असतो आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर आतल्या वायरीत किंवा टाकीत घुसू शकतो. संध्याकाळी निघताना वहीत तारीख, काय काढलं, कुठे ठेवलं, कुठलं केमिकल वापरलं, कोणी केलं, हे लिहिल्याशिवाय घरी जायचं नाही. हे काम कंटाळवाणं वाटतं पण तुम्ही पॅनल काढाल आणि परत बसवेल कदाचित दुसराच कोणी, चार वर्षांनी.

माझ्या हातून सुरुवातीला एक चूक झाली ती सांगतो. एका युद्धकाळातल्या विमानाचं फ्लोअरखालचं पॅनल साफ करायला दिलं होतं, आतून काळं झालेलं, मी मन लावून सॉल्व्हंटने अर्धं पुसून काढलं, अगदी लख्ख. आमच्यातले एक आजोबा, वय ऐंशीच्या पुढचं, ते आले आणि उरलेल्या अर्ध्या भागावर त्यांनी तिरका टॉर्च मारला. तिथे खडूसारख्या मेणाच्या पेन्सिलने कोणीतरी आकडा आणि सही केलेली होती, फॅक्टरीत तपासणाऱ्या माणसाची, किंवा बाईची, कारण तेव्हा फॅक्टऱ्यांमध्ये बायका खूप होत्या. माझ्या अर्ध्यात काय लिहिलं होतं ते आता कोणालाच कधी कळणार नाही. आजोबा रागावले नाहीत, फक्त म्हणाले की घाण आणि इतिहास एकाच रंगाचे असतात, आधी टॉर्च मार. तेव्हापासून तिरका उजेड टाकून बघितल्याशिवाय मी काहीच पुसत नाही आणि तुम्हीपण पुसू नका.

हेच रंगाचं. विमान चकचकीत करायचा मोह सगळ्यांना होतो, मुलांना फोटो काढायला छान दिसतं, पण जुना रंग घासून काढला की गेला. आम्ही काय करतो तर एखाद्या कोपऱ्यात रुपयाएवढी जागा घेतो आणि ओल्या बारीक पॉलिश पेपरने हळूहळू एकेक थर उघडा करतो, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे थर दिसतात, कुठल्या स्क्वाड्रनचा रंग कधी चढला ते कळतं. त्याचा फोटो काढून ती खिडकी तशीच ठेवतो. पूर्ण रंगवायचंच ठरलं तरी एक हातभर पॅच मूळ अवस्थेत सोडायचा. आणि नवीन पार्ट बनवून बसवला तर त्यावर तारीख आणि 'नवीन' अशी खूण कोरायची, म्हणजे पन्नास वर्षांनी कोणी त्याला मूळ समजून फसणार नाही.

आता धोके, हा भाग घाईत वाचू नका. जुनं विमान म्हणजे घरातलं जुनं कपाट नव्हे. दुसऱ्या महायुद्धातल्या कॉकपिटमधल्या अंधारात चमकणाऱ्या डायलवर रेडियमचा रंग असतो, आता ते चमकत नाहीत म्हणून लोकांना वाटतं की संपलं, पण चमक देणारी पावडर दमलेली असते, रेडियम तसंच असतं, त्याचं अर्धआयुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. काच फुटलेलं मीटर उघडायचं नाही, फुंकर मारायची नाही, ज्यांच्याकडे मोजायचं यंत्र आहे त्यांनाच बोलवायचं. इंजिनाजवळचं पांढरट कापडासारखं इन्सुलेशन, जुने गॅस्केट, ब्रेकचे लायनर, यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. आतून हिरवट-पिवळा प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) दिसतो तो बहुतेक झिंक क्रोमेट, तो कोरडा घासला की धूळ फुप्फुसात जाते आणि त्याने कॅन्सर होतो. जुन्या नटबोल्टांवर कॅडमियम, तेही घासायचं नाही, तापवायचं तर अजिबात नाही. जेट विमान असेल तर इजेक्शन सीटमध्ये (संकटात पायलटला बाहेर फेकणारी खुर्ची) स्फोटक काडतुसं असतात, ती काढल्याचा कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय कॉकपिटमध्ये पाय टाकायचा नाही, मग समोरचा कितीही सीनियर असो. हायड्रॉलिकच्या ॲक्युम्युलेटरमध्ये (तेलाचा दाब साठवणाऱ्या टाकीत) वर्षानुवर्षं प्रेशर राहू शकतं. विचारायला लाजू नका, मी अजूनही विचारतो.

गंज. ॲल्युमिनियमला गंज चढत नाही असं आपल्याला शाळेत सांगितलेलं असतं, पण विमानाचं ॲल्युमिनियम म्हणजे ड्युरालुमिन, त्यात साधारण चार टक्के तांबं असतं, त्याने ताकद येते आणि त्यानेच ते खराबही होतं. म्हणून पत्र्यावर दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळसा थर दिलेला असतो. तुम्ही मेटल पॉलिश घेऊन जोर लावला की तो थरच निघून जातो, विमान आरशासारखं दिसतं आणि पुढच्या पावसाळ्यापासून सडायला लागतं. वाईट गंज ओळखायचा कसा तर पत्र्याच्या किंवा स्पारच्या (पंखातल्या मुख्य तुळईच्या) कडेला खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटायला लागतात. असं दिसलं की बोटाने उचकटायचं नाही, फोटो आणि रिपोर्ट. साधी पांढरी पावडर असेल तर प्लॅस्टिकचा किंवा बांबूचा स्क्रेपर, नायलॉनचा पॅड. लोखंडी तारेचा काथ्या ॲल्युमिनियमला कधीच लावायचा नाही, लोखंडाचे कण आत रुततात आणि तिथून नवा गंज चालू होतो. स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियम एकत्र असतील तिथे ओल आली की छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून बोल्टाच्या भोवती जास्त बघा.

धुणं. न्यूट्रल साबण, कोमट पाणी, मऊ सुती कापड. साबण खालून वर लावत जायचा म्हणजे ओघळांचे डाग पडत नाहीत, आणि धुवायचं वरून खाली. प्रेशर वॉशर नाही, त्याने पाणी पत्र्यांच्या जोडात घुसतं आणि तिथेच राहतं. कॅनॉपीला, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाला, काचेचा निळा स्प्रे मारायचा नाही, ती काच नसते, ॲक्रिलिक असतं, अमोनियाने त्यात बारीक तडे जातात. आधी भरपूर पाणी आणि नुसता हात, हाताला खडा लागला तर लगेच कळतं, फडक्याला कळत नाही. घड्याळ काढा म्हणालो ते यासाठीही.

बाहेर उभ्या असलेल्या विमानासाठी सगळ्यात मोठं काम कुठलं विचाराल तर पोटाखालची पाणी जायची भोकं मोकळी ठेवणं. पंखाच्या आणि धडाच्या तळाला ड्रेन होल असतात, पेन्सिलीएवढी, ती पानांनी, घरट्याच्या काड्यांनी, कोणीतरी थापलेल्या रंगाने बुजतात आणि मग आत पाण्याचं डबकं. बांबूची काडी घेऊन सगळी भोकं मोकळी करायला एक दुपार लागते आणि लाख पौंडांच्या रिपेंटपेक्षा त्याचा उपयोग जास्त. इंजिनाच्या तोंडाला पक्ष्यांसाठी जाळी लावा, प्लॅस्टिकची ताडपत्री गुंडाळू नका, ती आत वाफ धरून ठेवते, हवा खेळणारं कव्हर लागतं.

लाकूड आणि कापडाची विमानं हा माझा सगळ्यात आवडता भाग. सेंट ऑल्बन्सजवळ लंडन कॉल्नीला द हॅविलंड म्युझियम आहे, तिथे मॉस्किटो या दुसऱ्या महायुद्धातल्या लाकडी विमानाचा पहिला प्रोटोटाइप आहे, २५ नोव्हेंबर १९४० ला उडालेला, तोही व्हॉलंटियर्सनीच पुन्हा उभा केलेला. मॉस्किटोचं धड म्हणजे बर्चच्या प्लायवूडच्या मध्ये बाल्सा लाकूड, आणि वरून चिकटवलेलं सुती कापड, त्याचं नाव मॅडापोलम. हे नाव आंध्रात नरसापूरजवळच्या एका गावावरून पडलंय, आपल्या मांजरपाटापेक्षा मऊ आणि घट्ट विणीचं. गोदावरी आमच्या नाशिकहून निघून जिथे समुद्राला मिळते त्या भागातलं हे गाव, हे कळलं त्या दिवशी मी त्या पंखाजवळ बराच वेळ उभा होतो. आणि याच विमानाची भारतात फार परवड झाली, १९४४ च्या शेवटी तिथल्या तळांवर मॉस्किटो हवेत मोडून अपघात झाले, विमानं तपासणीसाठी जमिनीवर ठेवावी लागली, कोणी उष्ण दमट हवेला दोष दिला तर कोणी फॅक्टरीतल्या गोंदकामाला. म्हणून लाकडावर काम करताना ओल मोजायचं मीटर रोज लावायचं आणि बोटाच्या पेराने टकटक करत जायचं, गोंद सुटलेल्या जागी आवाज पोकळ येतो, नारळ वाजवून बघतो तसं.

टायगर मॉथसारख्या जुन्या कापडी विमानाच्या पंखाला लिननचं कापड चढवतात आणि ते आतल्या रिबला, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळीला, शिवतात. गादीवाला जसा दाभण आरपार घालून टाका ओढतो ना, अगदी तसंच, फक्त दोरा मेण लावलेला आणि टाके ठरलेल्या अंतरावर, प्रत्येक टाक्याला गाठ. शिवणकाम येणारी माणसं इथे सोन्यासारखी. मग त्यावर डोप नावाचं लॅकर मारतात, त्याने कापड ढोलाच्या पानासारखं ताणलं जातं. डोप भयंकर पेट घेतो, म्हणून हवा खेळती, मास्क, आणि हवेत दमटपणा जास्त असेल तर त्या दिवशी मारायचाच नाही, पांढरा धुरकट डाग येतो.

रिव्हेट मारायला सगळ्यांनाच आवडतं पण ते भंगार पत्र्यावर शंभर मारून मगच. आणि उडणारं विमान असेल तर गोष्टच वेगळी, तिथे प्रत्येक कामावर लायसन्सवाल्या इंजिनियरची सही लागते, तुम्ही मदतनीस, एवढं लक्षात ठेवा.

भारतात काय, हे पण विचारतात. आपल्या लोकांनी हे फार आधी केलंय. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला लिबरेटर बॉम्बर मोडतोड करून सोडून दिली होती, हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्यातली चाळीसेक परत उडवली, आणि १९६८ पर्यंत एअर फोर्सने ती वापरली. आज जगातल्या म्युझियममध्ये जी लिबरेटर दिसतात त्यातली बरीच आपल्याकडून गेलीत, इथल्या रॉयल एअर फोर्स म्युझियमला १९७४ मध्ये मिळालेलं त्यातलंच. २०१८ मध्ये उलटं झालं, इंग्लंडमध्ये दुरुस्त केलेला 'परशुराम' नावाचा डाकोटा, म्हणजे जुनं मालवाहू विमान, उडत भारतात आला, व्हीपी ९०५ हा नंबर घेऊन, २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला सैन्य उतरवणाऱ्या डाकोटाचा.

घरी असाल तर गोव्यात दाबोळीजवळ नेव्हल एव्हिएशन म्युझियम आहे, तिथलं सुपर कॉन्स्टेलेशन हे चार इंजिनांचं जुनं विमान जरूर बघा, समुद्राच्या खाऱ्या हवेत उघड्यावर उभं विमान म्हणजे काय ते कळेल. आणि तुमच्या गावात, कॉलेजच्या गेटवर, एखाद्या चौकात खांबावर मिग चढवलेलं असेल तर त्याला परवानगीशिवाय हात लावू नका, पण फोटो काढायला कोणी अडवत नाही. मे महिन्यात एकदा आणि दसऱ्याच्या आसपास एकदा, त्याच सहा जागी उभं राहून, तेच सहा फोटो, तारीख घालून. दोन-तीन वर्षांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले की कुठल्या सांध्यातून तांबूस ओघळ येतोय, कुठला टायर बसलाय, पोटाखाली कुठे ओल धरलीय हे दिसतं. मग ते विमान ज्यांच्या ताब्यात आहे, कॉलेज असो नाहीतर महापालिका, त्यांना पत्रासोबत ते फोटो द्या आणि पत्रात एकच गोष्ट मागा, पावसाळ्याच्या आधी शिडी लावून ड्रेन होल मोकळी करून द्या म्हणून.