सीमेपलीकडे नोकरी, अलीकडे जोडधंदा: या चुका टाळा

जर्मनीत ल्योराख किंवा वाइल आम ऱ्हाइन येथे राहून रोज स्वित्झर्लंडमधील बाझलला नोकरीसाठी जाणाऱ्या माणसाने फावल्या वेळात स्वतःचा छोटा व्यवसाय सुरू केला, तर त्या व्यवसायाचा नोकरीशी काही संबंध नाही असे तो धरून चालतो. कायदा मात्र दोन्ही कामे एकत्र मांडूनच पाहतो. यातून होणारा सर्वांत महागडा घोटाळा कराचा नसून सामाजिक विम्याचा असतो.

पहिली चूक म्हणजे व्यवसाय जर्मनीत असल्यामुळे त्यावरील सामाजिक विम्याचे हप्तेही जर्मनीतच भरायचे, असे समजणे. युरोपीय संघाचा नियम 883/2004 स्वित्झर्लंडलाही 1 एप्रिल 2012 पासून लागू आहे आणि त्यानुसार एका व्यक्तीला एका वेळी एकाच देशाचा सामाजिक विमा लागू होतो. एका देशात नोकरी आणि दुसऱ्या देशात स्वतंत्र व्यवसाय असेल, तर नोकरीच्या देशाचा कायदा चालतो. म्हणजेच ल्योराखमधील ग्राहकांकडून मिळालेल्या नफ्यावरही वृद्धत्व आणि अपंगत्व विम्याचे हप्ते स्वित्झर्लंडमध्ये भरावे लागतात. स्वतंत्र व्यावसायिकासाठी त्यांचा कमाल दर 10 टक्के असून कमी नफ्याला तो उतरत्या श्रेणीने लागतो. आपण काही कळवले नाही तरी चालेल, या समजुतीवर राहिलेल्यांना पुढे मागील वर्षांची थकबाकी व्याजासह भरावी लागू शकते.

दुसरी चूक घरून काम करणाऱ्यांची आहे आणि ती फार कमी जणांच्या लक्षात येते. 1 जुलै 2023 पासून लागू असलेल्या बहुराष्ट्रीय करारामुळे सीमेपलीकडे नोकरी करणाऱ्याला राहत्या देशातून 50 टक्क्यांपेक्षा कमी वेळ दूरस्थ काम करता येते आणि तरीही, मालकाने तशी विनंती केल्यास, त्याचा सामाजिक विमा मालकाच्या देशातच राहतो. जर्मनी आणि स्वित्झर्लंड या दोघांनीही तो स्वीकारला आहे. परंतु राहत्या देशात नियमितपणे दुसरे कामही करणाऱ्याला ही सवलत मिळत नाही, आणि स्वतंत्र जोडधंदा हे असे दुसरे कामच ठरते. सवलत गेली की 25 टक्क्यांची जुनी मर्यादा पुन्हा लागू होते: राहत्या देशातील काम तितके किंवा त्याहून जास्त भरले, तर त्याच देशाचा विमा लागतो. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणाऱ्याचे प्रमाण 40 टक्के भरते. तोपर्यंत बिनघोर चाललेली ही व्यवस्था, संध्याकाळी चार संकेतस्थळे बनवून देण्याचे काम घेतल्याबरोबर, संपूर्ण पगारावर जर्मन सामाजिक विमा लागू होण्याचे कारण बनते. अशा वेळी बाझलच्या मालकाला जर्मनीत नोंदणी करून जर्मन दराने हप्ते भरावे लागतात, आणि ही बातमी त्याला एखाद्या सरकारी पत्रातून कळणे कोणत्याही नोकरीला मानवणारे नाही.

यावर उपाय आहे, पण तो व्यवसाय सुरू करण्याआधी योजावा लागतो. घरून काम आठवड्यातून एकच दिवस ठेवले, तर प्रमाण 20 टक्के होते आणि मर्यादेच्या आत राहते. हे प्रमाण पुढील 12 महिन्यांच्या अपेक्षित परिस्थितीवरून ठरवले जाते, त्यामुळे एखाद्या आठवड्यात जास्त दिवस घरी राहिल्याने लगेच बिघडत नाही. दोन देशांत काम करणाऱ्याने राहत्या देशातील नेमलेल्या संस्थेला तसे कळवायचे असते. जर्मनीत ती संस्था बॉनमधील डीव्हीकेए ही आहे. कोणत्या देशाचा विमा लागू आहे हे सांगणारे ए-1 प्रमाणपत्र हाती येईपर्यंत तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

मालकाच्या संमतीबाबतही बेफिकिरी दिसते. स्विस करार-कायद्याचे कलम 321अ निष्ठेच्या कर्तव्याचा भंग करणारे, विशेषतः मालकाशी स्पर्धा करणारे सशुल्क काम नोकरी चालू असताना करण्यास मनाई करते. नोकरीच्या करारपत्रात याहून कडक अट असू शकते, म्हणून संमती लेखीच घ्यावी.

कराच्या बाजूला नियम सरळ आहेत, पण हिशेब चुकतात. नेहमीच्या अर्थाने सीमा ओलांडून नोकरी करणाऱ्याच्या पगारातून स्वित्झर्लंड जास्तीत जास्त 4.5 टक्के कापते आणि उरलेला कर जर्मनीत भरला जातो. जोडधंद्याचा नफा या पगारावर चढतो आणि त्यामुळे वरच्या टप्प्याच्या दराने करपात्र होतो. स्विस पगार मोठा असल्याने हा दर चांगलाच बोचतो, तेव्हा प्रत्येक बिलातील भाग बाजूला काढून ठेवलेला बरा. व्यवसाय सुरू झाल्यापासून एका महिन्यात कर कार्यालयाची नोंदणी-प्रश्नावली एल्स्टर या संगणकीय प्रणालीतून भरावी लागते. व्यापारी स्वरूपाच्या धंद्यासाठी त्याशिवाय नगरपालिकेच्या व्यवसाय-नोंदणी कार्यालयात जावे लागते. मागील वर्षाची उलाढाल 25,000 युरोंच्या आत असेल, तर लघुउद्योजक म्हणून मूल्यवर्धित करातून सूट मिळते. मात्र ती घेतल्यावर व्यावसायिक ग्राहकाच्या बिलात 19 टक्के कर दाखवला, तर दाखवलेला कर भरावाच लागतो. जुना नमुना कॉपी करून बिल बनवणाऱ्यांकडून हे हमखास घडते.

भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांनी एक गोष्ट वेगळी तपासावी: वर सांगितलेली 883/2004 ची व्यवस्था स्वित्झर्लंडच्या संदर्भात युरोपीय संघ आणि स्वित्झर्लंडच्या नागरिकांसाठी आहे, इतर देशांच्या नागरिकांना ती आपोआप लागू होत नाही. तसेच सीमा ओलांडून काम करण्याचा जी परवाना नोकरीसाठी मिळालेला असेल, तर स्वित्झर्लंडमध्ये ग्राहक घेऊन स्वतंत्र काम करण्याची मुभा त्यातून मिळत नाही. ती संबंधित कँटनच्या, म्हणजे स्विस प्रांताच्या, कार्यालयाकडे स्वतंत्रपणे मागावी लागते.