चिंतेवरची गोळी सोडताय? या चुका टाळा

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम वर्षानुवर्षं घेणारी माणसं मला औषधाच्या काउंटरवर रोज भेटतात. गोळी सुटावी असं बहुतेकांना मनापासून वाटतं. घोळ होतो तो घाईमुळे.

सगळ्यात घातक चूक म्हणजे गोळी एका झटक्यात बंद करणं. आमच्याकडे नेहमी येणाऱ्या एका गृहस्थांना कुणीतरी सांगितलं, "मन घट्ट करा, सगळं जमतं." दोनेक वर्षं चालू असलेली अल्प्राझोलाम त्यांनी त्याच रात्री थांबवली. डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी हात इतके थरथरत होते की शर्टाची बटणं लागेनात. तिसऱ्या दिवशी बाथरूममध्ये फिट आली. घरच्यांनी डॉक्टरांना रक्तदाबाच्या गोळ्या तेवढ्या दाखवल्या, कारण ही गोळी चालू होती हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मुलाने कपाटात सापडलेली अर्धी स्ट्रिप माझ्यापुढे ठेवली, तेव्हा कुठे उलगडा झाला.

इथे मनाच्या बळाचा प्रश्नच नाही. मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा परिणाम ही औषधं वाढवतात. रोजच्या डोसाची मेंदूला सवय होते आणि तो स्वतःचं काम त्या हिशोबाने बदलून घेतो. औषध अचानक गेलं की आवरायला कुणी उरत नाही. "आठवड्यात सोडून दाखवतो" म्हणणाऱ्यांची मला खरंच भीती वाटते.

दुसरी चूक, एक दिवसाआड गोळी घेण्याची. ऐकायला शहाणपणाची वाटते, म्हणूनच ती फार जण करतात. पण साधी अल्प्राझोलाम रक्तात निम्मी व्हायला साधारण 11 तास लागतात. म्हणजे एक दिवस पुरेसं औषध आणि दुसऱ्या दिवशी जवळपास काहीच नाही. माझं सांगणं ठरलेलं असतं: गोळी रोज घ्या, त्याच वेळी घ्या, फक्त किंचित कमी घ्या. किती कमी, ते डॉक्टरच ठरवतील. अमेरिकेतल्या 2025 च्या मार्गदर्शक सूचना दर 2 ते 4 आठवड्यांनी 5 ते 10 टक्के कपात सुचवतात. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये 1982 ते 1994 या काळात याच कामाचा दवाखाना चालवणाऱ्या प्रा. हेदर ॲश्टन तर बऱ्याच रुग्णांना आधी हळूहळू डायझेपाम या त्याच गटातल्या औषधावर आणत, कारण ते शरीरात जास्त काळ टिकतं. वर्षभर लागलं तर लागू दे.

डोस कमी केल्यावर धडधड, घाम, निद्रानाश सुरू झाला की "जुना आजार उलटला" म्हणून लोक पुन्हा पूर्ण डोसवर जातात. बऱ्याचदा तो कपातीचाच त्रास असतो. मी तारीख, डोस आणि झोप एवढंच वहीत लिहायला लावतो. कपातीनंतर लगेच त्रास वाढलेला दिसला, तर डॉक्टर त्याच डोसवर काही दिवस थांबवू शकतात.

झोप येत नाही म्हणून वर दारू घेऊ नका. ट्रामाडोलसारखी वेदनाशामकंही डॉक्टरांना न विचारता नकोत. दोन्हींमुळे श्वास मंदावू शकतो.

सावकाश विरघळणारी, एसआर किंवा एक्सआर लिहिलेली गोळी तोडू नका.

ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना ही गोळी सांगायची राहू देऊ नका. घरातल्या एकाला तरी तिचं नाव आणि डोस माहीत असू द्या.