आधी वाक्य सरळ करा, वेलांट्या मग बघू

मागे आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी धुवायची होती तेव्हा नोटीस लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी एकदम साहेबी थाटात लिहिलं: "सर्व सभासदांना याद्वारे कळविण्यात येते की, दि. १२ रोजी टाकीच्या साफसफाईचे काम हाती घेण्यात येणार असल्याकारणाने सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत पाणी पुरवठा बंद ठेवण्यात येईल, तरी सर्वांनी सहकार्य करावे ही विनंती." तासाभरात तीन जणांनी विचारलं, म्हणजे पाणी नक्की कधी नाही?

आता ह्यात शुद्धलेखनाची चूक म्हणाल तर एकच (ती पुढे सांगतो), पण वाक्यात माणूसच नाही हो. कोण कळवतंय, कोण धुतंय, कोण बंद ठेवतंय, काहीच पत्ता नाही, नुसतं कळविण्यात येते, घेण्यात येणार, ठेवण्यात येईल. त्यामुळे पहिलं काम हे करा, लिहिलेल्यात "-ण्यात येते" शोधा आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारा, कोण करतंय? मग मी ती नोटीस फाडून दुसरी लावली: "गुरूवारी १२ तारखेला टाकी धुणार आहोत. सकाळी १० ते दुपारी ४ पाणी येणार नाही. आदल्या रात्री भरून ठेवा." एकाचाही फोन नाही. "सहकार्य करावे" म्हणजे बादल्या भरा, तर मग बादल्या भरा असंच लिहावं की!

दुसरी गोष्ट, लिहून झालं की मोठ्यानं वाचा. लाज वाटत असेल तर बाथरूममध्ये जाऊन वाचा पण वाचा, कारण हिंदीतून घुसलेलं डोळ्याला दिसत नाही, कानाला लगेच खटकतं. "त्याने माझी मदत केली" नाही, मला मदत केली. "डॉक्टरांसोबत बोललो" नाही, डॉक्टरांशी बोललो. सोबत आपण जातो, बोलतो कुणाशी तरी. "पावसाला घेऊन शेतकरी चिंतेत" वाचलं की मला तो शेतकरी पावसाला कडेवर घेऊन उभा दिसतो. "खूप सारे लोक" मधलं सारे काढा, काही अडत नाही. गावाकडची बोली किंवा मुंबईचं "तो मला बोलला" ह्यावर माझा राग नाही, गप्पांत बिनधास्त चालू द्या, फक्त अर्ज लिहिताना "म्हणाला" लिहा.

आता वेलांट्या. माझ्या त्या दुसऱ्या नोटिशीवर दुसऱ्या दिवशी कुणीतरी पेन्सिलीनं "गुरूवारी" खोडून "गुरुवारी" केलं होतं. बरोबर होतं त्यांचं. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, म्हणून गुरू, कवी, रवी, पाणी. पण त्यातला संस्कृत शब्द जोडशब्दात सुरुवातीला आला की मुळातला ऱ्हस्व परत येतो, गुरुवार, रविवार, कविसंमेलन. शेवटी ऱ्हस्वच राहणारे म्हणजे आणि, नि, तथापि, परंतु असे थोडे. "की" मात्र नेहमी दुसरी वेलांटी, "कि" कधीच नाही.

त्याहून कामाची जोडी ही: गरीब पण गरिबाला, वकील पण वकिलाला, फूल पण फुलाला, ऊस पण उसाचा. पाठ करू नका, म्हणून बघा. "फूल" म्हणताना ऊ लांबतो, "फुलाला" म्हणताना आखडतो, लिहिताना तेच करायचं. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र हट्टी, ते हलत नाहीत, शरीर-शरीराला, आणि गुण, विष तर आधीपासूनच ऱ्हस्व.

अनुस्वाराचं सोपं आहे. अनेकवचन असेल किंवा मान द्यायचा असेल तर प्रत्ययाआधी टिंब: मुलाला एक, मुलांना अनेक, आणि सर एकटे असले तरी सरांनी. "त्यानी सांगितले" ह्यात तो की ते, वाचणाऱ्याला कळत नाही. उलट नांव, कांही, पांच ही न उच्चारली जाणारी टिंबं मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी काढून टाकली. तेव्हा १४ नियम होते, १९७२ ला आणखी ४ आले, एकूण १८, एका बैठकीत वाचून होतात. आजोबा अजून "कांही" लिहितात, त्यांना लिहू द्या. आणि मी इथे असं, केलं, वाचलं लिहितोय ते बोलण्याच्या ढंगातलं म्हणून चालतं, अर्जात असे, केले लिहायचं. एकाच मजकुरात दोन्हींची खिचडी तेवढी नको.

आता राहिलेली चूक: "पाणी पुरवठा" नाही, पाणीपुरवठा. तसंच घरासमोर, माझ्यासाठी, तुमच्याकडे, सगळं जोडून. फोनवर टाइप करताना सजेशनवर बोट मारलं की मध्ये आपोआप स्पेस पडते, म्हणून "माझ्या साठी" सगळीकडे दिसतं. एकदा मागे जाऊन ती खोडायची, बस.

महत्त्व मध्ये दोन त, कारण महत् अधिक त्व. तत्त्व, व्यक्तिमत्त्व तसेच. नेतृत्वात एकच. उज्ज्वल, तज्ज्ञ, आशीर्वाद, हार्दिक हे चार तर कागदावर लिहून फोनच्या कव्हरमागे ठेवा, वाढदिवसाचा फ्लेक्स छापायला देण्याआधी उपयोगी पडतील, आमच्या चौकात "हार्दीक शुभेच्छा" अजून लटकतायत.