जुने कपडे ऑनलाइन विकताय आणि विक्री मंदावलीय? भाव पाडण्याआधी वही काढा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्यात चणिया चोळ्या, बांधणीचे दुपट्टे, मुलांचे केडियू (गरब्याचे घेरदार आखूड अंगरखे), दोन पैठण्या आणि कुणाच्याच अंगाला न बसणारी एक शेरवानी आहे. सगळं वापरलेलं आणि सगळं विकायचं. इन्स्टाग्राम, फेसबुक मार्केटप्लेस आणि ओएलएक्स ही माझी तीन दुकानं. विक्री थंडावली की माझ्यासकट सगळ्यांचा हात आधी भावाकडे जातो. बाराशेचे हजार करायचे, हजाराचे आठशे. मग आठशेलाही कुणी हात लावत नाही, तेव्हा कळतं की दुखणं भलतीकडेच होतं.

ते दुखणं कुठे आहे हे शोधायची माझी पद्धत खाली दिली आहे. फार हुशारीचं काम नाही, फक्त क्रम चुकवायचा नाही.

१. आधी बघा, विक्री खरंच घटलीय का?

आपल्याकडचा कपड्यांचा धंदा इंग्रजी महिन्यांवर चालत नाही, तिथीवर चालतो. बडोद्यात तर नवरात्राच्या आधीचे तीन आठवडे म्हणजे अर्ध्या वर्षाची कमाई. आता तारखा बघा: २०२३ मध्ये घट बसले १५ ऑक्टोबरला, २०२४ मध्ये ३ ऑक्टोबरला, २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आल्यामुळे नवरात्र थेट ११ ऑक्टोबरला. म्हणजे २०२६ चा सप्टेंबर २०२५ च्या सप्टेंबरशी ताडून पाहिलात तर आकडे कोसळलेलेच दिसणार. ॲपमधला 'मागच्या वर्षीच्या तुलनेत' असा आलेखही हीच चूक करतो, कारण त्याला पंचांग कळत नाही.

म्हणून वहीत तारखेऐवजी 'घटस्थापनेच्या आधी तिसरा आठवडा', 'दुसरा आठवडा' असं लिहा आणि तेच आठवडे एकमेकांशी जुळवा.   संक्रांतीनंतर थोडी लग्नसराई, मग मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा. तेव्हा फतेगंजच्या होस्टेलमधल्या मुली गायब होतात आणि त्यांच्याबरोबर माझी निम्मी विक्रीही.

इतकं करूनही आकडा खाली असेल तरच पुढे जा.

२. वहीत चार रकाने आखा

पाहिलं, विचारलं, घेतलं, परत आलं. एवढंच. प्रत्येक कपड्यापुढे दर रविवारी आकडे टाका. किती जणांनी पाहिलं ते ॲप दाखवतंच, बाकीचं आपण मोजायचं.

समजा एक चणिया चोळी ३०० जणांनी पाहिली आणि दोघांनीच विचारलं, तर दोष फोटोत किंवा भावात आहे. ३०० पैकी २५ जणांनी विचारलं आणि एकीनेही घेतली नाही, तर माहितीत काहीतरी राहून गेलंय किंवा तुम्ही उत्तरं उशिरा देताय. पाहणारेच ४० असतील तर जाहिरातीच्या नावात खोट आहे, कपडा शोधात येतच नाही. आणि घेतलेलं परत येत असेल तर मापं, डाग किंवा वास. यापेक्षा मोठं शास्त्र नाही.

एक सावधगिरी. फेसबुकवर 'हे अजून आहे का?' हा तयार निरोप असतो, बटण दाबलं की जातो. आमच्याकडे लोक त्यापुढे 'छेल्ला केटला?', म्हणजे शेवटचा भाव किती, एवढंच लिहितात. असल्या निरोपांना 'विचारलं' मध्ये धरू नका. मापं विचारणारी किंवा अजून फोटो मागणारी, तीच खरी विचारणा.

३. पाहणारे कमी असतील तर नाव आणि पहिला फोटो बदला

नाव देताना आपण कवी होतो. 'राजेशाही गुलाबी स्वप्न' असं मी एकदा खरंच लिहिलं होतं. गिऱ्हाईक टाइप करतं 'चणिया चोळी मिरर वर्क रेड'. म्हणून प्रकार, काम, रंग, माप, एकदा वापरलेली, बडोदा, या क्रमाने लिहा. इंग्रजी अक्षरांतलं स्पेलिंग माणसागणिक वेगळं असतं, म्हणून वर्णनाच्या शेवटी दोन-तीन स्पेलिंगं टाका आणि घागरा, लेहंगा हे शब्दही घाला. वापरलेल्याला 'प्री-लव्ह्ड' म्हणणं वगैरे उच्चभ्रू अलकापुरीत चालत असेल, माझ्या गिऱ्हाइकांपैकी अजून एकीनेही तो शब्द वापरलेला नाही.

फोटो. जुन्या बडोद्यातल्या घरांत उजेड म्हणजे चौकातून येईल तेवढाच. खोलीतल्या ट्यूबलाइटखाली लाल रंग विटकरी दिसतो आणि पांढरं कापड पिवळं, म्हणजे जुनं कापड आणखी जुनं. मी सकाळी साडेआठ ते साडेनऊच्या मध्ये गच्चीवर, टाकीच्या सावलीत फोटो काढते. थेट उन्हात आभले, म्हणजे भरतकामातले आरसे, चमकतात आणि बाकी सगळं काळं पडतं.

चणियाचा पहिला फोटो हँगरवर काढू नका. हँगरवर ती मोडक्या छत्रीसारखी दिसते. धुवट पांढरी चादर अंथरा, त्यावर चणिया पूर्ण गोल पसरा आणि खुर्चीवर उभं राहून बरोबर वरून फोटो घ्या. घेर किती आहे हे बोलून दाखवावं लागत नाही. गरब्याला चणिया विकत घेणारी मुलगी घेरच विकत घेत असते. दुसरा फोटो भरतकामाचा जवळून, तिसरा अस्तर उलटून, चौथा डागाचा. डागाशेजारी दहाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. हे मी नवीन असताना टाळायची. आता पाहते तर डाग आधी दाखवलेला कपडा कधीच परत येत नाही.

जुन्या जाहिरातीत अक्षर इकडे-तिकडे करत बसण्यापेक्षा नवीन फोटो काढून ती पुन्हा नव्याने टाका आणि जुनी काढून टाका. बहुतेक ठिकाणी ताजं वर दिसतं.

४. विचारतात पण घेत नाहीत?

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण बहुतेकांची विक्री इथेच अडते.

'फ्री साइज' हा शब्द हद्दपार करा. टेप घ्या. चोळी सपाट ठेवून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. सतरा आलं तर चौतीस. मग चोळी उलटी करा आणि शिलाईत माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, किती आहे ते बघा. 'छाती ३४, आत माया आहे, ३६ पर्यंत उसवून होईल' हे एक वाक्य लिहिलं की पाच प्रश्न वाचतात आणि गिऱ्हाईकही वाढतं. बाहीचा घेर मात्र विसरू नका. चोळ्या दंडात अडकूनच परत येतात. चणियाची उंची, नाडी आहे की हूक, घेर किती मीटर, अस्तर सुती की सॅटिनचं हेही लिहा. नऊ रात्री घाम गाळणारीला अस्तराची चौकशी असतेच.

आता वास. जुन्या कपड्यांचा खरा शत्रू डाग नाही, कुबट वास. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला, तेव्हा आमच्या खोलीत पाणी शिरलं नाही, पण भिंती पंधरा दिवस ओल्या राहिल्या. मी कपाट बंद ठेवलं आणि वर डांबरगोळ्या वाढवल्या. त्या नवरात्रात एक चणिया चोळी परत आली, सोबत चिठ्ठी: 'बेन, वास आवे छे.' कुबट आणि डांबरगोळी असा दुहेरी वास. चूक सर्वस्वी माझी.

तेव्हापासून गोळ्या बंद, वाळलेला कडुनिंबाचा पाला आणि लवंगांची पुरचुंडी सुरू. कपडा आला की आधी दोन दिवस सावलीत, वाऱ्यावर उलटा टांगायचा. सुती असेल तर शेवटच्या पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालायचं, जरीच्या कपड्याला ते दाखवायचंही नाही. हळदीचा डाग सुती कापडावर असेल तर धुऊन ओला असतानाच उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. आभल्यांवरून इस्त्री फिरवू नका, मागच्या बाजूने वाफ द्या.

रेशीम म्हणून विकत असाल तर खात्री करून घ्या. आतल्या शिलाईतला एक धागा काढून जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली तर रेशीम. वितळून टणक मणी झाला तर पॉलिएस्टर. पैठणी घडीवर विरते, म्हणून घडीची रेघ फोटोत दाखवा. इथे एक गंमत सांगते. आमच्या मराठी मंडळींना 'दुसऱ्याचं उतरलेलं' अंगावर घालायला नको असतं, पण दुसऱ्याची पैठणी चालते. सासूबाई माझ्या धंद्याला नाकं मुरडतात, पण मोरबांगडीची जुनी पैठणी कपाटात आली की पहिल्या त्याच बघायला येतात. म्हणून मराठी ग्रुपवर मी सलवार-कुर्ते टाकतच नाही, साड्याच टाकते.

उत्तर तासाभरात द्या. जेवणं उरकल्यावर, रात्री साडेनऊनंतर सगळ्यात जास्त निरोप येतात. तेव्हा फोन जवळ ठेवा.

५. आता भाव

आधी स्वतःचा हिशेब मांडा. समजा चणिया चोळी ६०० ला घेतली, धुणं-दुरुस्ती १५०, पॅकिंग २०. झाले ७७०. कुरिअर गिऱ्हाईक देतं. पण पाचातलं एक पार्सल कॅश ऑन डिलिव्हरीवर परत आलं, तर येण्या-जाण्याचे २६० रुपये उरलेल्या चार विक्रींवर पडतात, म्हणजे प्रत्येकीवर ६५. बाराशेला विकली तर हातात राहिले ३६५. आता 'छेल्ला केटला?' म्हणत कुणी २०० कमी करून घेतले, तर उरतात १६५. भाव सहावा हिस्सा उतरला, नफा निम्म्याहून जास्त गेला. म्हणून भाव पाडणं हा सगळ्यात शेवटचा उपाय. आधी दोन वस्तू मिळून भाव द्या: चणियाबरोबर दुपट्टा, केडियूबरोबर पगडी.

नव्या मालाशी तुलना मात्र टाळता येत नाही. ज्या दिवशी २०२५ चे घट बसले त्याच दिवशी, २२ सप्टेंबरला, जीएसटीचे नवे दर लागू झाले. हजाराच्या वरच्या तयार कपड्यांवर १२ टक्के होता, तो अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के झाला, अडीच हजारांच्या वर १८. शिवाय मीशो आहे, झुडिओ आहे. चारशेला नवा कुर्ता मिळत असेल तर अडीचशेला तुमचा वापरलेला कोण घेईल? तो माल घेणं मी थांबवलंय. नव्याने तीन-चार हजारांना पडणारं जे असेल, हाताने भरलेली कच्छी चणिया, जड शेरवानी, त्यालाच जुन्यात खरी मागणी राहते. मंगळ बाजारात आणि नवा बाजारात महिन्यातून एक चक्कर मारा आणि नवीन मालाचे भाव वहीत टिपा. नव्याच्या निम्म्याहून जास्त मागू नका, अपवाद फक्त हातकामाचा.

विकली जात नसेल तर भाड्याने द्या. नऊ रात्रींना नऊ वेगळे पोशाख हवे असतात, सगळे विकत कोण घेतं? कपड्याच्या विक्रीभावाइतकी अनामत आधी घ्या आणि कपडा देताना फोटो काढून ठेवा.

६. पार्सल आणि पैसे

कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोक्याचा आकारही बघतात. बहुतेक जण लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. ४० बाय ३० बाय १५ चं खोकं म्हणजे ३.६ किलोचा आकार, आत चणिया दोन किलोचीच का असेना. कॅनकॅन, म्हणजे चणियाच्या आतली कडक जाळी, दाबून, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंची ८ वर आणा, १.९२ किलोवर येतं. शहरातल्या शहरात मी कमाटीबागेच्या गेटाशी हातोहात देते. गिऱ्हाईक तिथेच बघून घेतं, त्यामुळे परत यायचा प्रश्नच नाही.

आणि 'पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा' म्हणणारा भेटला तर तिथेच थांबा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसलातच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

७. नव्वद दिवस झाले, अजून पडूनच?

नवे फोटो झाले, नवं नाव झालं, नवरात्रही येऊन गेलं, तरी कपाटात असेल तर ती जागा अडवतेय. मी वर्षातून दोनदा, उत्तरायणानंतर आणि शाळा सुरू व्हायच्या आधी, कपाट रिकामं करते. चांगले काठ कापून ठेवते, ते ब्लाउजच्या बाह्यांना जातात. आभल्यांचे तुकडे फाइन आर्ट्सची मुलं वीस-तीस रुपयांना नेतात. सुती सगळं गोधडीला. उरलेलं बोहारणीला.

ती शेरवानीही मागच्या खेपेला बोहारणीपुढे ठेवली होती. तिने ती उलटसुलट केली, खांद्याचं माप बघितलं आणि म्हणाली, "हिच्यावर चमचासुद्धा नाही मिळायचा, ताई." म्हणून ती अजून कपाटात आहे. छाती ४६, खांदा साडेपंधरा, आत माया नाही.